बाबा पुढच्या जूनमधे रिटायर होतायत आणि प्रत्येक कागदावर वेगळी जन्मतारीख : फॉर्म बी, सरदार सर्टिफिकेट, सीएमपीएफ

माजरीवाली
नमस्कार मंडळी. इथे वणी-चंद्रपूर पट्ट्यातले बरेच जण दिसतात म्हणून विचारतेय, लांबलचक आहे, सांभाळून घ्या. बाबा अंडरग्राउंड कोळसा खाणीत मायनिंग सरदार आहेत, म्हणजे खाली कामगारांवर आणि सुरक्षेवर लक्ष ठेवणारे. आधी लोडर म्हणून लागले, मग परीक्षा देऊन सरदार झाले. फॉर्म बी रजिस्टरमधे (खाणीतल्या कामगारांची नोंदवही) १ जुलै १९६६ तारीख आहे, त्यामुळे ३० जून २०२६ ला रिटायरमेंट असं ऑफिसमधून तोंडी सांगितलंय. पण सरदारच्या सर्टिफिकेटवर १९६८ आहे. आधारवर १ जानेवारी १९६७, ते तर कॅम्पमधे कोणीतरी अंदाजे टाकलेलं. दहावी नाही, सातवीपर्यंत शाळा, दाखला सापडत नाहीये. आणि फॉर्म बी मधे आडनावच नाही!! नुसतं नाव आणि आजोबांचं नाव. सीएमपीएफच्या (कोळसा खाण कामगारांचा प्रॉव्हिडंट फंड) स्लिपवर आडनाव आहे पण स्पेलिंग वेगळं. बँकेत तिसरंच.

दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे जन्मतारीख १९६८ धरून घ्यायची मागणी आता करता येते का? बाबांचे मित्र म्हणतात केस टाक, दोन वर्षं नोकरी वाढेल. दुसरं म्हणजे फंड, पेन्शन, ग्रॅच्युइटी यांना कुठले कुठले कागद लागतात आणि ही नावं आत्ताच कशी जुळवायची.

भाऊ पण खाणीतच आहे, ठेकेदाराकडे डंपर चालवतो, त्याचं वेगळंच रामायण आहे. ते नंतर सांगते.

खडूस_कारकून
ताई, मी पर्सनल डिपार्टमेंटला आयुष्य घालवलं, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. सरळ सांगतो.

कोल इंडियाच्या सगळ्या कंपन्यांत जन्मतारखेचा वाद इम्प्लिमेंटेशन इन्स्ट्रक्शन नंबर ७६ प्रमाणे सुटतो, १९८८ चं आहे, आम्ही नुसतं 'सेव्हंटी सिक्स' म्हणायचो. त्यात पहिला मान मॅट्रिकच्या सर्टिफिकेटला, तेही नोकरीला लागायच्या आधी मिळालेलं हवं. त्याच्या खालोखाल मायनिंग सरदार, वाइंडिंग इंजिन (खाणीतला पाळणा वर-खाली नेणारं यंत्र) वगैरे कायद्याखालची सर्टिफिकेटं, कारण तिथे जन्मतारीख मॅनेजरनेच सर्टिफाय केलेली असते. दोन्ही असतील तर मॅट्रिक जिंकतं. तुमच्या बाबांकडे मॅट्रिक नाही, म्हणजे सरदार सर्टिफिकेटला वजन आहे, हे खोटं नाही. मित्र अगदीच हवेत बोलत नाहीयेत.

पण आता पुढचं वाचा. सर्टिफिकेट मिळालं तेव्हापासून आजपर्यंत बाबांनी लेखी अर्ज एकदा तरी दिला का? १९८७ च्या सुमारास कंपन्यांनी कामगारांना सर्व्हिस रेकॉर्डचा उतारा वाटला होता, चुका असतील तर सांगा म्हणून. त्यानंतरही जे लागले त्यांना कधी ना कधी असा उतारा (सर्व्हिस एक्सर्प्ट) सही करायला दिलाच असेल. त्यावर १९६६ लिहिलेलं असताना बाबांनी सही किंवा अंगठा केला असेल तर कठीण आहे.

माजरीवाली
@खडूस_कारकून काका सही केलीय बहुतेक. बाबा म्हणाले "साहेबानं कागद पुढे केला, मी सही केली, वाचतो कोण".

खडूस_कारकून
झालं मग. सगळी खाण तशीच सही करते.

वकीलीण_नागपूर
यावर थोडं. सुप्रीम कोर्टाचे बीसीसीएलचे (भारत कोकिंग कोल, कोल इंडियाचीच कंपनी) दोन निकाल आहेत आणि दोन्ही याच विषयावर आहेत. २०१४ च्या निकालात कामगार जिंकला, कारण उतारा हातात पडल्या पडल्या त्याने चूक दाखवून दिली होती, आणि नंतर वर्षानुवर्षं कंपनीनेच दाद दिली नव्हती. २०२० च्या निकालात कामगार हरला, कारण पुरावा बरा असला तरी तो फार उशिरा उठला होता, आणि कोर्ट म्हणालं की नोकरीच्या शेवटी जन्मतारीख बदलून मागणं हा हक्क होऊ शकत नाही. तेव्हा प्रश्न पुरावा किती पक्का यापेक्षा तुम्ही केव्हा बोललात हा आहे. काही महिने उरलेले असताना केस टाकली तर स्टे मिळण्याची आशा कमी, आणि वाद चालू आहे म्हणून फाइल बाजूला ठेवून द्यायला ऑफिसला आयतं कारण. माझं मत विचाराल तर अर्ज एक देऊन ठेवा, पोच घ्या, पण त्याच्या भरवशावर बाकीचे कागद थांबवू नका.

जुना_ओव्हरमन
पोरी तुझ्या बाबासारखेच आमीबी. माझ्या वेळी सरदारची परीक्षा तोंडी होती, समोर साहेब बसून राहायचे अन विचारायचे की छतातून माती झडून राहिली तर तू काय करशील, गॅस निघाला तर माणसं कोन्या रस्त्यानं काढशील. हातात सेफ्टी लॅम्प द्यायचे, ज्योत बारीक करून वर निळी टोपी दिसते ते पाहून मिथेन किती ते सांगायचं. त्या आधी गॅस टेस्टिंगचं सर्टिफिकेट अलग, फर्स्ट एडचं अलग ते सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं, मेडिकल फिटनेस अलग, अनुभवाचा दाखला मॅनेजरच्या सहीचा अलग. एवढे कागद जमवता जमवता माणूस म्हातारा होते. आन् त्या अनुभवाच्या दाखल्यावर मॅनेजरच्या बाबूनं जे वय टाकलं तेच डीजीएमएसच्या (केंद्राचं खाण सुरक्षा खातं) सर्टिफिकेटवर छापून आलं. म्हणून एकाच ऑफिसात फॉर्म बी मधे एक तारीख अन दाखल्यात दुसरी. चूक कोनाची? बाबूची. भोगते कोन? तुझा बाप.

सर्टिफिकेटं मात्र सांभाळून ठेव हो. ६० च्या नंतरबी प्रायव्हेट खाणीवाले सरदार, ओव्हरमन (सरदारच्या वरचा) शोधून राहिले आहेत, त्या वयात एका वर्षाच्या आतलं मेडिकल फिटनेस लागते, ते असलं की काम मिळते. दोन वर्षं वाढवून घ्यायच्या भानगडीपेक्षा हे बरं.

पीएफमित्र
@माजरीवाली दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आधी एक गोंधळ दूर करतो कारण दर महिन्याला कोणीतरी येऊन विचारतं. कोळसा खाणीचा फंड ईपीएफओकडे नसतो, सीएमपीएफओकडे असतो. १९४८ चा वेगळा कायदा, मुख्यालय धनबादला, आपल्यासाठी रिजनल ऑफिस नागपूर. त्यामुळे यूएएन (ईपीएफचा कायमचा खाते नंबर) टाकून बाबांचा फंड शोधत बसू नका, दिसणार नाही. पेन्शन १९९८ ची कोल माइन्स पेन्शन स्कीम. त्याच्या आधीची १९७१ ची फॅमिली पेन्शन स्कीम होती, तुमचे बाबा कधी लागले त्यावर बघा.

ग्रॅच्युइटी तिसऱ्याच ठिकाणी, ती कंपनी देते, सीएमपीएफचा संबंध नाही. म्हणजे एकच माणूस, एकच नोकरी, आणि तीन ठिकाणी तीन फाइली, प्रत्येकीत नाव, जन्मतारीख, बायकोचं नाव, बँक खातं पुन्हा पहिल्यापासून. एकाने तपासलेलं दुसरा मानत नाही, ही खरी अडचण आहे, फॉर्म अवघड नसतात.

क्रमाने करायचं तर सगळ्यात आधी फॉर्म बी चा सर्टिफाइड उतारा मागा. बाकी सगळे कागद त्याला जुळवायचे, उलट नाही. आधार बदलणं तुलनेने सोपं, खाणीचं रजिस्टर बदलणं महाकठीण. १९६८ चा दावा सोडायचा ठरला तर आधारवर फॉर्म बी चीच तारीख येईल असं बघा, त्यासाठी आधारवाले ग्राह्य धरतात असा पुरावा लागेल, पासपोर्ट आहे का? कंपनीचं सर्व्हिस फोटो आयकार्ड चालतं का तेही विचारा.

चौकातला
एवढं कशाला? नोटरीचं ॲफिडेव्हिट करा की, "ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची", शंभर रुपयात काम.

खडूस_कारकून
@चौकातला शंभर रुपयात फक्त कागद मिळतो. ॲफिडेव्हिट नावासाठी जोडकागद म्हणून चालतं, तेही कंपनीने 'वन अँड द सेम पर्सन' असं पत्र सोबत दिलं तर. जन्मतारखेसाठी ॲफिडेव्हिट कोणी विचारत नाही. आणि ते पत्र नोकरीत असतानाच मागायचं, कारण तेव्हा मॅनेजर ओळखतो, हजेरीचा बाबू ओळखतो. रिटायर झाल्यावर मॅनेजर बदललेला असतो, नवीन माणूस म्हणतो मी यांना कधी पाहिलंच नाही, मी सही कशी करू. त्याचंही बरोबरच असतं.

फॉर्म बी च्या पानावर अंगठा किंवा सही असते. उतारा घेताना तेवढा भाग स्पष्ट आलाय ना ते बघा. जुन्या रजिस्टरची शाई उडालेली असते, पान दुमडून दुमडून नेमकं नावाच्या ओळीवर फाटलेलं असतं, आणि झेरॉक्सवाला घाईत काळी काढतो. रंगीत काढून घ्या.

माजरीवाली
पासपोर्ट नाहीये. आयकार्ड आहे, त्यावर १९६६ आहे. नॉमिनेशनमधे अजून आजीचं नाव आहे, आजी जाऊन पण वर्षं झाली 😐

पीएफमित्र
अरे बापरे. हे तारखेच्या आधी करा. जन्मतारखेने फार तर नोकरी कमी-जास्त होते, नॉमिनेशन चुकलं तर घरच्यांना वारसा दाखल्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. ग्रॅच्युइटीला आजवर नॉमिनेशन फॉर्म एफ मधे आणि बदल फॉर्म एच मधे असायचे, लग्नानंतर नव्वद दिवसांत नवीन नॉमिनेशन द्यायचा नियम होता, कोण देतं म्हणा. फंडाला वेगळं नॉमिनेशन. पेन्शन मात्र नॉमिनीला जात नाही, आधी बायकोला जाते, म्हणून आईचं नाव आणि लग्नाचा पुरावा, दोघांचा जॉइंट फोटो, हे आत्ताच फाइलला लावून घ्या. आईच्या आधारवर माहेरचं नाव आहे का तेही बघा.

माजरीवाली
माहेरचंच आहे 🙈

पीएफमित्र
अंदाज होताच.

गणितवाला
ग्रॅच्युइटीचा हिशोब कोणी विचारला नाही पण टाकतोच. शेवटचं बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं, सहा महिन्यांच्या वर असेल तर पूर्ण वर्ष धरायचं. समजा ६०,००० आणि ३५ वर्षं, तर १२ लाख ११ हजारच्या आसपास. २९ मार्च २०१८ पासून मर्यादा २० लाख. कंपनीने तीस दिवसांत द्यायची, उशीर झाला तर व्याज लागतं. आणि कामगाराने अर्ज दिला नाही म्हणून पैसे अडत नाहीत, हिशोब करून कळवायची जबाबदारी मालकाची आहे. पण अर्ज द्याच, पोच असलेली बरी.

वकीलीण_नागपूर
व्याज आपोआप मिळतं असं समजू नका हं, मागावं लागतं. खाणी केंद्राच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे तक्रार असेल तर जिल्ह्याच्या राज्य कामगार कार्यालयात जाऊन उपयोग नाही, केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जावं लागतं. लोक राज्याच्या ऑफिसात अर्ज देतात, तिथला माणूस महिनाभर ठेवून परत पाठवतो.

अजून एक, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लेबर कोड लागू झालेत. १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा सोशल सिक्युरिटी कोडमधे गेला, १९५२ चा खाण कायदा ओएसएच कोडमधे (कामावरची सुरक्षा आणि आरोग्य). त्यामुळे मुदतीच्या करारावर असलेल्याला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, आणि प्रत्येकाला नेमणूक पत्र द्यायचं बंधन. फॉर्मांची नावं-नंबर बदलणारच. इथे वर कोणी फॉर्म नंबर सांगितला असेल तरी जमा करण्याआधी ऑफिसात विचारून घ्या.

डंपरवाला_घुग्घुस
ताई तुमच्या भावाचं काय ते सांगा, आमचं पण तेच असणार.

माजरीवाली
हो तेच. भाऊ ओबी (कोळशावरची माती-दगड) काढायच्या कामावर आहे. टेंडर संपलं की ठेकेदार बदलतो, गाड्या त्याच, माणसं तीच, फक्त हेल्मेटवरचं नाव बदलतं. दर वेळेस नवीन ठेकेदार म्हणतो व्हीटी (व्होकेशनल) ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आण, फॉर्म ओ (खाणीच्या मेडिकल तपासणीचा) आण, जुने कागद जुन्याच्या ऑफिसात अडकलेले. फंड कापतात पण कुठे जातो ते माहीत नाही. मधे एकदा पैसे काढून पण घेतले त्याने, मोबाइलसाठी.

डंपरवाला_घुग्घुस
मोबाइल 😂 आमच्यात सगळ्यांनी तेच केलं. फॉर्म ओ ची ओरिजनल कॉपी कधीच देत नाहीत, म्हणतात रेकॉर्डला ठेवायची आहे. मी गेल्या वेळी डॉक्टरांसमोरच मोबाइलवर फोटो काढून घेतला एक्स-रे च्या पाकिटाचा आणि फॉर्मचा, तेव्हापासून गेटवर अडवलं की दाखवतो आणि साहेब मानतात पण, नाही मानलं तर निदान तारीख तरी कळते की पाच वर्षं झाली की नाही, नाहीतर उगाच परत तपासणी आणि तेवढ्या दिवसाची हजेरी गेली.

जुना_ओव्हरमन
@डंपरवाला शाब्बास. फॉर्म ओ ले लोक फालतू कागद समजतेत. त्यात छातीचा एक्स-रे आहे, कानाची तपासणी आहे, फुप्फुसाची फुंक आहे. उद्या धुळीचा आजार निघाला तर नुकसानभरपाईसाठी हाच पुरावा. अनफिट दिलं तर तीस दिवसांत अपील करता येते हेबी कोनी सांगत नाही. रिटायर होताना शेवटची तपासणी करून घ्या अन एक्स-रे घरी आणा. आमच्या गल्लीतल्या एकाचं दुखणं रिटायर झाल्यावर तीन-चार वर्षांनी निघालं, जुना एक्स-रे कोनाजवळच नाही, मंग कशाच्या जोरावर भांडणार.

पीएफमित्र
भावासाठी. कोळसा खाणीतल्या ठेकेदाराच्या कामगारालाही सीएमपीएफ लागू आहे, आणि ठेकेदाराने भरलं नाही तर मुख्य मालकावर येतं. पण बरेच ठेकेदार ईपीएफ कोड घेऊन तिथे भरतात. म्हणून आधी पगाराच्या स्लिपवर नेमकं काय लिहिलंय ते बघा. ईपीएफ असेल तर यूएएन एकच आहे ना ते तपासा, ठेकेदार बदलला की काही जण नवीन यूएएनच काढून मोकळे होतात. मग दोन यूएएन, दोन जन्मतारखा, दोन्हीत अर्धे अर्धे पैसे.

आणि ते मोबाइलचं. फंड काढला ते एक वेळ ठीक, पण सोबत १० सी भरून पेन्शनचे पैसेही काढले का? काढले असतील तर तेवढी वर्षं पेन्शनच्या हिशोबातून पुसली गेली. दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क येतो, तुकड्यातुकड्याची नोकरी जोडून धरतात, पण काढून घेतलेली जोडत नाहीत. पुढच्या वेळी पैसे काढू नका, स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनची वर्षं राखून ठेवणारं) घ्या किंवा नुसता ट्रान्सफर करा. एजंट लोक हे मुद्दाम सांगत नाहीत कारण त्यांना काढून दिल्याचंच कमिशन मिळतं.

माजरीवाली
फॉर्म ३१ (फंडातून ॲडव्हान्स) का १० सी ते त्यालाच माहीत नाही, एजंटने मोबाइलवर ओटीपी मागितला आणि केलं. पासबुक बघते आता.

साखळीकर
मी गोव्यातून. आमच्याकडे कोळसा नाही, लोखंडाची खनिजं, सगळ्या उघड्या खाणी, त्यामुळे सरदार नाही, त्याच्या जागी मायनिंग मेट आणि फोरमन. गॅस टेस्टिंगची भानगड नाही. २०१२ ला खाणी बंद पडल्या, मधे थोडा काळ सुरू झाल्या, मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीजं रद्द केली आणि डिचोली-सत्तरीतला तरुण माणूस घरी बसला. आता लिलावानंतर काही ठिकाणी काम सुरू होतंय तर मेटचं सर्टिफिकेट कोणाच्या कपाटात, कोणाचं पुरात भिजलेलं, व्हीटी जुनं, मेडिकल जुनं, रिफ्रेशर ट्रेनिंग परत, आणि ज्या कंपनीत अनुभव घेतला तीच राहिली नाही मग दाखला देणार कोण? लोकांचे ईपीएफचे पैसेही तसेच पडून होते. बऱ्याच जणांना वाटलं व्याज बंद झालं. तसं नाही, ५८ पर्यंत व्याज लागत राहतं, आमच्या शेजाऱ्याला हे कळायला इतकी वर्षं गेली. तुम्ही लोक निदान खाण चालू असताना कागद मागताय, आमच्याकडे ऑफिसच्या दाराला कुलूप होतं.

खडूस_कारकून
@साखळीकर बंद कंपनीच्या अनुभवासाठी हजेरी पट्ट्या, पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक, मॅनेजरने दिलेलं ऑथरायझेशन लेटर, जे मिळेल ते जोडा. मेट म्हणून नेमलेलं लेटर असेल तर उत्तमच, कारण ते नावानिशी असतं. लोक ते लेटर ड्यूटी संपली की कागद म्हणून फेकून देतात.

माजरीवाली
अपडेट. फॉर्म बी चा उतारा मिळाला, रंगीत काढला. बाबांचा अंगठा आहे त्यावर, सही नाही! बाबा म्हणतात तेव्हा बाबूनं कोणाला विचारलंच नाही सही येते का, सरळ शाईचं पॅड पुढे केलं. १९६८ चा अर्ज दिला आणि पोच घेतली, केस टाकणार नाही असं घरात ठरलंय, बाबाच म्हणाले की इतकी वर्षं झाली आता पाठ दुखते. नॉमिनेशन दोन्हीकडे आईच्या नावावर भरलं. आईच्या आधारचं काम सुरू आहे. वन अँड द सेम पर्सनचं पत्र मॅनेजरने टाइप करून आणायला सांगितलंय, त्याचा मसुदा कोणाकडे आहे का?

भावाने १० सी काढलं होतं. दोन ठेकेदारांची वर्षं गेली. यूएएन मात्र एकच निघाला.

खडूस_कारकून
मसुदा मेसेजमधे पाठवतो. त्यात फॉर्म बी चा अनुक्रमांक, सीएमपीएफ नंबर आणि सरदार सर्टिफिकेटचा नंबर, तिन्ही घाला. आणि मॅनेजरच्या सहीखाली नाव-पदाचा शिक्का हवाच, गोल शिक्का एकटा चालत नाही.

डंपरवाला_घुग्घुस
काका मला पण पाठवा. आणि पीएफमित्र, बायकोचं नाव ई-नॉमिनेशनमधे टाकताना फोटो अपलोड होत नाहीये, साइज मोठी आहे म्हणतोय.

पीएफमित्र
१०० केबीच्या आत कर, जेपीजी ठेव. रात्री अकरानंतर टाक, तेव्हा साइट बरी चालते. आणि शेवटी आधार ओटीपीने ई-साइन केल्याशिवाय ते नॉमिनेशन झालेलं नसतं, नुसतं सेव्ह करून उठू नकोस.